राबाची वेळ

टेंभ्याची वाडी, ता. मुरबाड
१९ मार्च २०२५

ताई,

तुझ्या पाया पडून लिहायला बसलो आहे.

काल सकाळी मी अंघोळ करून गावदेवीला शेंदूर लावला, नारळ वाढवला आणि मैदानालगतच्या आपल्या शेतातल्या राबाला देवीच्या दिव्यावर पेटवलेला काकडा लावला. शेण, पालापाचोळा, ऐनाचे टाहाळ तुझ्या भावजयीने, शकूने, होळीच्या आधीपासून रचून ठेवले होते. पावसाळ्याच्या तोंडाला जिथे भाताचं बी टाकायचं, तो तुकडा छान भाजून निघाला. वाडीतला पहिला राब आपल्या घरचा. बाबांनंतर हा मान माझ्याकडे आला. काल मात्र काकडा लावताना माझं लक्ष वरच होतं, कारण त्याच वेळी टेंभ्याच्या डोंगरमाथ्यावर तुझी कुणाली पंख पसरून उभी होती.

फोन केला असता, पण तुझ्या कानाचं तुला माहीत आहे. मी सगळं सांगावं, तू हां हां म्हणावंस आणि शेवटी विचारावंस, म्हैस व्याली का. ही गोष्ट तशी अर्धवट ऐकायची नाही.

पोरगी उडाली, ताई. आजवर ती खालच्या टेकाडावरून छोट्या छोट्या उड्या घेत होती. काल पहिल्यांदा पुऱ्या उंचीवरून एकटी उडाली. लांबट कापडी पंख, त्याला दोऱ्या आणि दोऱ्यांना बसायची झोळी, एवढाच तो संसार. वाडीतले लोक त्याला छत्रीच म्हणतात. ती चार पावलं धावली आणि पाचव्याला खाली जमीनच नव्हती. मी राब सोडून बघत उभा राहिलो. घारीसारखी सावकाश फिरत होती. मला वाटलं, ओरडून काहीतरी सांगावं, पण काय सांगावं ते सुचेना. शेवटी हात जोडले.

उतरताना तर देवीने मोठी कृपा दाखवली. पोरगी पार खाली आली होती. माझ्या राबाच्या अंगाने मैदानात शिरताना, पाय आता टेकणार तोच, कुणी खालून तळहात लावून उचलावं तशी ती पुन्हा वर गेली. सगळ्यांनी बघितलं. माझ्या अंगावर काटा आला. धाऊ माझ्या शेजारी होता. तो म्हणाला, "भगी, तुझी भाची खाली यायला नाय म्हनते. जेवन वरच पाठव तिचं." मग ती उतरली. जरा धडपडली, कपड्यांना काळं लागलं, उठली.

आणि एक सांगतो. वरून खालचा वारा दिसत नाही. तो कळावा म्हणून शिकवणाऱ्या नम्रता मॅडमनी मैदानात काठीला नारिंगी कापडी पिशवी बांधली आहे. पण ती वरून केवढी दिसणार? धूर मात्र लांबून दिसतो आणि वारा कुठून कुठे चाललाय ते लगेच कळतं. म्हणून मी यंदा मुद्दाम सकाळी, तिच्या उडण्याच्या वेळीच राब पेटवला. देवीला विचारूनच हो. शेंदरावर दोन फुलं लावली, कौल मागितला, उजवं फूल पडलं. आता वाडीतले सगळे राब सकाळीच पेटतील. पोरीला धुराची काही कमी पडणार नाही.

दाजींना नमस्कार सांग.

तुझा भाऊ,
भगीरथ

•

सापगाव, शहापूर
२७ मार्च

भगीरथा,

तुझं पत्र मी वाचलं, मग ह्यांना वाचून दाखवलं, मग शेजारच्या भिमीकाकूंना. ह्यांनी वाशिंदला कंपनीत पेढे वाटले. मला म्हणाले, उगाच घाबरू नकोस. आणि स्वतः जेवताना दोनदा उठून अंगणात जाऊन वर आभाळात बघून आले. जसं काही मुरबाडची पोर सापगावातून दिसणार आहे.

पण मी तुझी मोठी बहीण आहे. पोर वर कशी गेली ते तू पानभर लिहिलंस आणि खाली कशी आली ते चार ओळींत उरकलंस. धडपडली म्हणजे काय? कपड्यांना काळं कुठलं लागलं? लहानपणी तू जांभळीवरून पडलास तेव्हा बाबांना मी असंच सांगितलं होतं, जरा धडपडला म्हणून. तुझा हात मोडला होता.

हे बघ, मी तिला तुझ्या भरवशावर ठेवली आहे. ह्यांनी कंपनीच्या ऑफिसात तिच्यासाठी शब्द टाकला आहे. अक्षय्य तृतीयेपर्यंत तिची परीक्षा झाली आणि मॅडमनी तिला तिथेच शिकवायला ठेवून घेतलं, तर माझं काही म्हणणं नाही. आपल्या घरातली पोर दुसऱ्याला उडायला शिकवते म्हटल्यावर मी सुद्धा सापगावभर सांगत फिरेन. पण परीक्षा झाली नाही किंवा पोर पडली, तर ती घरी येणार. आणि पडली तर ते मला तुझ्याकडून कळलं पाहिजे.

शकूला सांग, मोहाची फुलं सुकवली असतील तर ठेव माझ्यासाठी.

चंद्रकला

•

टेंभ्याची वाडी
५ एप्रिल

ताई,

रागावू नकोस, पत्राला उशीर झाला. इथे रोज काहीतरी घडतं आहे.

यंदाचा वारा मोठा विचित्र आहे. गेल्या महिन्यापर्यंत सकाळी मैदानावर उदबत्तीचा धूरसुद्धा सरळ जायचा. आता नऊ वाजले की वाऱ्याला काय होतं कळत नाही. एक झोत येतो, थांबतो, मग दुसरीकडूनच येतो. वर डोंगरापाशी सगळं शांत. जे काही होतं ते खाली, उतरतानाच.

वाशिंदचाच एक सुयोग म्हणून मुलगा शिकायला येतो. परवा तो घराच्या उंचीवर आला असताना त्याच्या पंखाची एक बाजू मिटली, ओल्या केळीच्या पानासारखी. गर्रकन फिरला आणि आदळला. मनगट मोडलं. त्याला मुरबाडला दवाखान्यात नेलं. गाडीत घालताना तो मला म्हणाला, "मामा, शेवटच्या पायरीला कुनीतरी पायरीच काढून घेतली." त्याच्या आधी एकजण मैदान सोडून सागाच्या झाडावर जाऊन लटकला. त्याला काही झालं नाही, पण खाली उतरवेपर्यंत सगळी वाडी जमली. धाऊ त्याला खालून विचारत होता, फळं धरलीत का बघ. बिचारा वरून हसत होता आणि फांदी सोडत नव्हता.

कुणाली ठीक आहे. दोन-तीन दिवस विश्रांती घेते आहे.

मॅडम फारशा बोलत नाहीत. परवा मैदानावर एकट्या उभ्या राहून बराच वेळ इकडेतिकडे बघत होत्या. मी जवळ गेलो तर नमस्कार केला आणि एवढंच म्हणाल्या की, यंदा इथलं लवकर आवरावं असं वाटतंय, परीक्षा पुढच्या वर्षी घेऊ. पुढच्या वर्षी म्हणजे तू पोरीला नेणार, हे मला माहीत आहे. पोरीलाही माहीत आहे. काल जेवताना तिने भाकरी कुस्करली आणि तशीच ठेवली.

पण मी स्वस्थ बसलेलो नाही. वारा असा फिरत असेल तर तो जास्त नीट दिसला पाहिजे. मी धाऊला आणि बाकीच्यांना सांगून मैदानाच्या चारी अंगांचे राब एकाच वेळी पेटवायची व्यवस्था केली आहे. कुठूनही उतरा, धूर समोर दिसलाच पाहिजे. लोकही चांगले, माझ्या शब्दाला लगेच तयार झाले. देवीचा कौल आहे म्हटल्यावर कोण नाही म्हणतो? बघ, आता सगळं सुरळीत होईल.

भगीरथ

•

सापगाव
१२ एप्रिल

भगी,

हे पत्र मिळताच आधी पूर्ण वाच आणि मगच काय ते कर.

तू पहिल्या पत्रात लिहिलंस, राब सकाळी पेटवला. मला पोरीच्या उडण्याचीच एवढी घाई, की ते नजरेतून सुटलं. आता चारी बाजूंनी पेटवतोस म्हटल्यावर मी तुझी दोन्ही पत्रं पुन्हा काढली. अरे, आपल्या वाडीचा राब तिन्हीसांजेचा. गुरं गोठ्यात आली, दिवा लागला, मग बाबा राबाला काकडा लावायचे. सकाळी कधीपासून? आणि तो सकाळी पेटायला लागल्यापासूनच तुझा वारा विचित्र झाला, हे तुला एकदाही दिसलं नाही का रे?

आठवतं, आपण राबाच्या कडेला उभं राहून वाळकी पानं आत टाकायचो? ती आगीत पडायचीच नाहीत. वर जायची, माडाच्या उंचीएवढी, आणि मग बाजूला जाऊन धप्पकन खाली. वारा नसला तरी. तू टाळ्या पिटायचास आणि मी राखेने चुरचुरणारे डोळे चोळत बसायचे. माझी पोर त्या पानासारखी तुझ्या राबावर येते आहे, भगी. तू लिहितोस देवीने तळहात लावला. देवीला दुसरी कामं आहेत.

आणि विश्रांती कसली? कुणाली इकडे मला फोन करत नाही आणि केला तर दोन वाक्यांत ठेवते. पाय की हात, एवढं लिही.

मॅडमही मला कळत नाहीत. शिकलेल्या आहेत, वाऱ्याचंच त्यांचं काम. त्यांना हे कळलं नसेल असं मला वाटत नाही. मग त्या तुला बोलत का नाहीत? जा आणि विचार.

तुझी,
चंद्रकला

•

टेंभ्याची वाडी
१७ एप्रिल

ताई,

पाय. डावा घोटा. तीन तारखेला पडली. हाड मोडलेलं नाही, सूज होती, आता चालते. तुला लिहायला हवं होतं. तू तिला नेशील या भीतीने लिहिलं नाही.

तुझं पत्र आलं तेव्हा ती ओट्यावर बसून घोट्याला हळद लावत होती. मी सरळ विचारलं, तुम्ही राबामुळे पडता का? तिने आधी शकूकडे बघितलं. मग खाली मान घालून म्हणाली, "मामा, देवीच्या कामात आमी कसं बोलायचं? मॅडम म्हनाल्या, या लोकांची पिढ्यान् पिढ्यांची वेळ हाय ती. आपन पाहुने."

मी म्हटलं, "पिढ्यान् पिढ्यांची कुठली? ती वेळ मी बदलली. तुमाला धूर दिसावा म्हनून."

तिने कपाळावर हात मारून घेतला आणि अशी हसत सुटली, की शकू चुलीपासून उठून आली. मला मात्र हसता येईना. ताई, ते लोक महिनाभर आमचा मान राखून पडत होते आणि मी त्यांच्याखाली आणखी आगी लावत होतो.

तसाच मॅडमकडे गेलो. त्यांनी मला बसवून चहा दिला आणि समजावून सांगितलं. आगीवरची हवा तापून वर धावते आणि तिची जागा घ्यायला आजूबाजूची गार हवा ओढली जाते. त्यामुळे पंख आधी वर फेकला जातो आणि पुढच्या क्षणाला त्याच्याखालचा आधारच जातो. उंचावर असताना सावरायला वेळ मिळतो, जमिनीजवळ तो मिळत नाही. मी विचारलं, धूर उपयोगी नाही का? त्या म्हणाल्या, लांबचा एखादा धूर फार उपयोगी, पायाखालचा नाही. संध्याकाळी पेटवलात तर सकाळपर्यंत जमीन निवते. ती काळी जमीन दुपारी तापेल, पण तोपर्यंत आम्ही उडून घरी गेलेलो असू. राब थांबले तर त्या सत्तावीस तारखेला, रविवारी, परीक्षा घ्यायला तयार आहेत. घोटाही तोवर चालेल म्हणतात.

आता माझी अडचण ऐक. सकाळची वेळ मी देवीला विचारून घेतली आहे. एकदा मिळालेला कौल त्या हंगामात पुन्हा विचारायचा नाही, ही बाबांची शिकवण. धाऊला नुसतं बोलून बघितलं, तर तो म्हणाला, "देवीनं सकाळ दिली आन् तू सांज करतोस? देवी काय पाळीवर हाय का, आज दिवसपाळी, उद्या रातपाळी?" लोक हसले, पण त्याच्या बोलण्यात तथ्य आहे. मी तीस वर्षं या दगडापुढे दिवा लावतो. तिने उजवं फूल दिलं, ते मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. ते खोटं म्हणू का? आणि खोटं नसेल, तर ते फिरवणारा मी कोण?

राब अजून अर्धे बाकी आहेत. आपलाही नाल्याकडचा तुकडा बाकी आहे. मला रस्ता दिसत नाही.

भगीरथ

•

सापगाव
२१ एप्रिल

भगीरथा,

तू देवीला विचारलंस, राब सकाळी पेटवू का. ती म्हणाली पेटव. पोरी पडल्या तर चालतील का, असं विचारलं होतंस? जेवढं विचारलंस तेवढ्याचं तिने उत्तर दिलं. बाकीचं डोकं तिने तुलाच दिलं आहे.

रविवारी सकाळी हे वाडीला येतील. राब सकाळचेच पेटत असतील तर कुणालीने पंखाला हातसुद्धा लावायचा नाही, तिची पिशवी भरून ठेव. ते तिला घेऊन येतील. राब थांबले असतील तर तिला उडू दे, मी काही बोलणार नाही.

मी येत नाही. मला ते बघवणार नाही.

चंद्रकला

•

टेंभ्याची वाडी
२८ एप्रिल

ताई,

दाजी काल एकटेच परत गेले, त्यावरून तुला कळलं असेलच. पण त्यांनी काय सांगितलं असेल याची मला खात्री नाही, कारण उतरायच्या वेळी ते मैदानाकडे पाठ करून उभे होते आणि मला विचारत होते, झालं का, झालं का. म्हणून मी लिहितो.

आधी दोन मुलं उतरली. मग ती. मॅडमनी मैदानात चुन्याने एक मोठं रिंगण आखलं होतं, त्याच्या आत पाय टेकायचे होते. सकाळचा वारा डोंगरावरून येत होता, अगदीच पडलेला नव्हता. ती शेवटचं वळण घेऊन समोर आली तेव्हा एक झोत आलाच. नारिंगी पिशवी ताठ झाली. पंखाचा डावा कोपरा थरथरला. माझ्या तोंडातलं देवीचं नाव अर्ध्यात थांबलं. पण ताई, खाली जमीन गार होती. झोत आला तसा गेला, पाठोपाठ दुसरं काही आलं नाही. पोरीने हात वर ठेवून पंख सरळ होऊ दिला, मग दोन्ही दोऱ्या एकदम खाली ओढल्या आणि पायरी उतरावी तशी रिंगणात उभी राहिली. एक पाऊलही पळाली नाही. तिच्यामागे पंख हळूहळू खाली बसला. मी दाजींना म्हटलं, वळा आता. ते वळले आणि तिला उभी बघून मटकन खाली बसले. त्यांना पाणी द्यायला लागलं, ते त्यांनी तुला सांगितलं नसणार.

मॅडमनी तिला इथेच शिकवायला ठेवून घेतलं आहे. सुयोग हाताला प्लास्टर घेऊन आला होता. तो तिचा पहिला विद्यार्थी व्हायचं म्हणतो.

आता आधीचं सांगतो.

तुझं पत्र गुरुवारी दुपारी आलं. वाचलं, घडी करून खिशात ठेवलं आणि वाडीत निरोप धाडला की तिन्हीसांजेच्या आत सगळ्यांनी देवळापाशी यावं. शकूने विचारलं, फुलं काढू का कौलाची? मी म्हटलं, नको.

सगळे जमले. लहानी आजीसुद्धा काठी टेकत आली. सगळ्यांना वाटलं, मी पुन्हा कौल लावणार, त्यामुळे जो तो फुलं कुठे पडतात ते बघायला पुढे सरकत होता. मी दिवा लावला. दगडापुढे बसलो. मग सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणालो, "आई, मी आज काय मागायला आलो नाय. सांगायला आलोय. सकाळची वेळ मी मागितली, तू दिलीस. मागनं माझं चुकलं. पोरं पडली. आजपासून राब तिन्हीसांजेला पेटंल. याचं जे काय व्हायचं ते माझ्या घरावर होऊ दे, वाडीवर नको."

धाऊ म्हणाला, "आन् देवी रागावली तर?"

मी म्हटलं, "माझ्यावर रागवंल. तुझ्यावर कशाला रागवंल? तू तर नुसता जेवन वर पाठवायला सांगत होतास."

लहानी आजी खुदकन हसली. मग म्हणाली, तिच्या सासऱ्याच्या वेळेपासून राब सांजेचाच होता, सकाळी धुराने तिचे डोळे चुरचुरतात, कुणीतरी बोललं ते बरं झालं. म्हातारी महिनाभर डोळे पुसत गप्प होती, ताई. देवीच्या मानापायी आम्ही सगळेच गप्प होतो.

मी उठलो. असं हलकं मला कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं. देवळातल्या दिव्यावर काकडा पेटवून घ्यायची आपली रीत आहे, पण मी तो पेटवला नाही. तो देवीचा विस्तव झाला असता. ही वेळ माझी होती, म्हणून खिशातली काड्यापेटी घेतली. नाल्याकडच्या आपल्या तुकड्यावर गेलो, माझ्यामागून धाऊ आणि मग सगळी वाडी. परीक्षेसाठी मैदानावर नुसता पंख उभा करायचा सराव करायला आलेली पोरं आपापले पंख गुंडाळत होती. मी थांबलो. शेवटचा पंख पिशवीत गेला, कुणालीने लांबून हात हलवला, सूर्य टेंभ्याच्या मागे उतरला, आणि मग मी वाकून काडी ओढली.

भगीरथ